चुलीपाशी दुसरी खुर्ची

किलाडू, लीट्रिम
१० ऑक्टोबर १९५७

प्रिय डिम्प्ना,

तुझं पत्र आणि पोरांचा फोटो पोचला. आईने फोटो कपाटावर बाबांच्या फोटोला टेकवून ठेवला आहे. धाकटा अगदी तुझ्या हॅरल्डवर गेलाय. त्याला बिचाऱ्याला काही इलाज नाही.

इकडची मोठी बातमी म्हणजे आपल्या घरात वीज आली. स्वयंपाकघराच्या मधोमध एक दिवा लोंबतोय. पहिल्या दिवशी तो लावला आणि आई भिंतींकडे बघून म्हणाली, "एवढी काजळी माझ्या घरात कधी होती?" तेव्हापासून आम्ही दोघी भिंती पांढऱ्या करतोय. पॅकी रेनल्ड्स शेजारधर्म म्हणून येऊन बसतो, दिव्याकडे बघतो आणि म्हणतो, आता भुतांनी कुठे जायचं? त्याच्या बायकोने त्याला सांगितलं, तू त्यांच्याकडे जायचा थांब, मग भुतं येतील.

आता मुद्द्याचं सांगते. हॅलोविन तीन आठवड्यांवर आलंय. बाबांना जाऊन आठ महिने झाले, म्हणजे यंदा त्यांची पहिलीच रात्र. त्या रात्री घरातली गेलेली माणसं परत येतात आणि त्यांच्यासाठी चुलीपाशी खुर्ची मांडायची, हे मी काय तुला सांगणार. काल मी माळ्यावरून बाबांची खुर्ची खाली आणली. आई म्हणाली, "दुसरी पण काढ."

मी म्हटलं, "दुसरी कुणाची?"

ती म्हणाली, "मॅलकीची."

डिम्प्ना, माझ्या हातातलं फडकं गळून पडलं. आपला भाऊ कुठे आहे हे अकरा वर्षांत आपल्याला कळलेलं नाही हे खरं, पण म्हणून तो मेला असं कुणी सांगितलंय? जिवंत माणसाची खुर्ची त्या रात्री मांडत नाहीत. मी तसं म्हटलं तर ती बटाटे सोलत बसली. तिचं डोकं ठिकाणावर आहे. रोजचा सगळा हिशेब तिला माझ्यापेक्षा चोख येतो. म्हणून तर जास्त भीती वाटते.

तू तिची लाडकी. तुझं ऐकेल. तिला चार शब्द लिही. आणि तिकडच्या आपल्या माणसांत कुणाकडून मॅलकीबद्दल काही कानावर आलं असेल, कितीही वाईट असलं तरी, मला कळव.

तुझी,
अट्रॅक्टा


कॉव्हेंट्री
१५ ऑक्टोबर

प्रिय अट्रॅक्टा,

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर मी किलाडूतच होते. हॅरल्डने विचारलं, चहात मीठ का घातलंस.

इथे इंग्लंडात हॅलोविन म्हणजे काहीच नाही गं. यांचा सगळा जोर त्यानंतर पाच दिवसांनी, तेव्हा होळ्या पेटवतात आणि बार उडवतात. परवा मी सलगम पोखरून त्याला डोळे आणि दात कोरत होते, तर शेजारची मिसेस पार्किन्सन खिडकीतून बघून म्हणाली, उकडून खाल्लं तर सोपं जाईल. तिला काय सांगू? आपण चमच्याने सलगम पोखरायचो, मनगटं दुखून यायची, आणि आत मेणबत्तीचा तुकडा लावला की जो करपट वास सुटायचा, तो वास आला की माझ्या अंगावर आजही काटा येतो. पोरांना वास आवडला नाही. हॅरल्डची पोरं आहेत, दुसरं काय.

आठवतं का तुला, आपण डोळे बांधून बशांचा खेळ खेळायचो? एका बशीत पाणी, एकीत अंगठी, एकीत माती. माझा हात दरवर्षी पाण्यात, म्हणजे समुद्रापार जाणार. तुझा अंगठीत, म्हणजे लग्न होणार. बशी फुटकी होती असं तू अजून म्हणतेस, ते मला माहीत आहे.

आणि पेंढ्याचे मुखवटे घालून येणारी सोंगं! बायकांचे कोट, उलटे सदरे, तोंडावर पेंढ्याची शंकूसारखी टोपी, आणि तोंडातून एक शब्द नाही. घरातल्यांनी ओळखायचं. ओळखलं की मुखवटा काढायचा, सफरचंद आणि मूठभर अक्रोड घ्यायचे आणि पुढच्या घरी चालू पडायचं. ओळखेपर्यंत मात्र चुलीपाशी बसायचा हक्क, खाणंपिणं घरधन्याचं. पॅकी रेनल्ड्स म्हणायचा, हेस्लिनांकडे मी अर्धा तास बसलो, मल्व्हींकडे तासभर, आणि तुमच्याकडे बूड टेकायला मिळत नाही. खरंच होतं ते. आईसारखं ओळखणारं त्या पंचक्रोशीत कुणी नव्हतं. माणूस फाटकातून आत यायचा आणि ती चुलीकडे तोंड करून नाव सांगायची. पावलांवरून, खोकल्यावरून, दार कसं लोटलं त्यावरून. एका वर्षी तिने पॅकीला सांगितलं, "पॅकी, बायकोचा कोट घातलास ते ठीक आहे, तिच्यासारखं गप्प बसायला जमणार नाही तुला." बाबा किती हसले होते त्या दिवशी.

बाबा हसताना आठवले की बरं वाटतं. नाहीतर मला ती शेवटची हॅलोविनच आठवते. धुकं होतं, पोरं फाटकं उचलून लपवत फिरत होती, सगळ्याच गावची पोरं फिरतात, आणि मॅलकीने रेनल्ड्सचं समजून आपल्याच कुरणाचं फाटक बिजागरीवरून उचललं. दोन्ही फाटकं तांबडी. डॉली घोडी बाहेर पडली ती थेट दलदलीत जाऊन बुडाली. सकाळी बाबांनी तिला बघितलं तेव्हाचा त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. आणि मग ते जे बोलले तेही. "पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस." मला वाटतं दोन दिवसांत त्यांनी ते मागे घेतलं असतं. मॅलकी एकच दिवस थांबला.

मॅलकीबद्दल इकडे काही कळलेलं नाही. आईला सांग, उगाच वाईट मनात आणू नकोस.

आजीला पोरांचा पापा.

तुझी,
डिम्प्ना


किलाडू
२० ऑक्टोबर

प्रिय डिम्प्ना,

सलगम, बशा आणि पॅकीच्या बायकोचा कोट यांच्यावर चार पानं, आणि मॅलकीच्या बातमीवर दीड ओळ. मी मागितलं होतं एक, पाठवलंस भलतंच. आईला पत्र वाचून दाखवलं. कोटाच्या ठिकाणी ती हसली. त्या दीड ओळीवर तिने पत्र माझ्या हातातून घेतलं आणि ती ओळ स्वतः वाचली.

रात्री जेवताना मी सरळच विचारलं. म्हटलं, आई, तुला कुणी काही सांगितलंय का? स्वप्न पडलं का? तिने काटा खाली ठेवला आणि काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते.

"अट्रॅक्टा, त्याचा बाप मेला. इंग्लंडातल्या सगळ्या लीट्रिमवाल्यांना ते आठवड्यात कळलं असणार. ख्रिस्ती घरातला पोरगा बापाला खांदा द्यायला येत नाही, असं मी कधी पाहिलं नाही. माझा पोरगा जिवंत असता तर आला असता. भांडण असो, काही असो. तो आला नाही, म्हणजे तो नाही."

मी म्हटलं, नसेल जमलं.

"माझ्या पोराबद्दल असं बोलू नकोस," ती म्हणाली.

कळतंय का तुला? तो मेलाय असं मानणं तिला सोपं जातंय. जिवंत असून आला नाही, हे नाही सोसवत. तिने खुर्ची अंगणात काढून राखेने घासली. तीच, जिच्या पाठीवर त्याने चाकूने आपलं नाव कोरायला घेतलं होतं आणि बाबांनी कान उपटल्यामुळे पहिलं अक्षर झाल्यावर थांबला होता. पुढचं ऐक. तिने फादर डोलनना सांगून ठेवलंय की दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, प्रार्थनेत मॅलकीचंही नाव वाचा. म्हणजे सगळ्या गावासमोर. एकदा ते नाव वेदीवरून वाचलं गेलं की तो इथे मेलाच, मग उद्या दारात येऊन उभा राहिला तरी.

डिम्प्ना, तुला लहानपणापासून काही लपवायचं असलं की तू फार गोड बोलतेस. म्हणून विचारते. लपवत नसशील तर माफ कर.

अट्रॅक्टा


कॉव्हेंट्री
२४ ऑक्टोबर

अट्रॅक्टा,

घाईत लिहितेय. फादर डोलनना अजून थांबायला सांग. आईला सांग माझ्यासाठी थांब, महिनाभर तरी. का ते विचारू नकोस, मी कुणाच्या तरी शब्दात अडकले आहे. खुर्चीचं मात्र ती म्हणेल तसं होऊ दे.

सोबत पोरांसाठी, म्हणजे जी सोंगं घेऊन येतील त्यांच्यासाठी, गोळ्या पाठवतेय. चिकटल्या असल्या तर माझा दोष नाही, हॅरल्डच्या आईने बांधून दिल्यात.

डिम्प्ना


किलाडू
३ नोव्हेंबर

प्रिय डिम्प्ना,

कुणाच्या शब्दात अडकली आहेस ते तू जाणे. इथे मीच एका वेगळ्या काळजीत अडकले आहे आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही. आईचं काहीतरी बिनसलंय. यंदा हॅलोविनला तिला माणसं ओळखू आली नाहीत.

पहिल्यापासून सांगते. संध्याकाळी आम्ही बटाटे किसून बॉक्स्टीची धिरडी घातली, मनुका घातलेला गोड ब्रॅक पाव कापला, दाराची कडी काढून ठेवली. आईने विजेचा दिवा बंद करायला लावला. म्हणाली, तुझ्या बाबांनी हा दिवा पाहिला नाही, त्यांना घर सापडायचं नाही. खिडकीत सलगमाचा दिवा आणि चुलीत जळणारी टर्फची ढेकळं, एवढाच उजेड. चुलीच्या उजवीकडे बाबांची खुर्ची, डावीकडे मॅलकीची. मी मुद्दाम तिकडे बघत नव्हते.

अंधार पडला तशी सोंगं आली. पाचजण होते. आईने नेहमीप्रमाणे सुरुवात केली. "हा मल्व्हींचा धाकटा, याला दार लावायला कुणी शिकवलं नाही." बरोबर. "ही हेस्लिनांची मुलगी, भावाची विजार घालून. आणि हा भाऊ, तिचा झगा घालून. तुला शोभतोय रे." बरोबर. "आणि हा पॅकी. पॅकी, या वयात?" पॅकीने मुखवटा काढला आणि म्हणाला, "बाई, यंदा तरी दोन मिनिटं बसू द्यायचं होतंत." सगळे हसले, सफरचंदं घेतली, आणि पुढच्या घरी निघाले.

पाचवा राहिला. उंच, अंगात जुना कोट, तोंडावर खांद्यापर्यंत पेंढा. मला वाटलं तो पॅकीबरोबरचा. पॅकीला वाटलं तो मल्व्हींकडचा. सगळे जाईपर्यंत तो दाराशीच उभा होता. मग आत आला आणि सरळ मॅलकीच्या खुर्चीत बसला.

मला असा राग आला! मी म्हणणार होते, अहो, ती खुर्ची बसायची नाही. आईने माझा दंड धरला. म्हणाली, "बसू दे. दमून आलाय." मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला, की निदान बघू तरी कोण आहे, तर ती इतक्या जोरात ओरडली की मी मागे सरले.

मग ती त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसली आणि ओळखायला लागली. "टॉमी ह्यू?" त्याने मान हलवली. टॉमी ह्यू त्याच्या निम्मासुद्धा नाही! "पोस्टातला चार्ली?" नाही. "मास्तर?" नाही. प्रत्येक चुकीला त्याला एक धिरडं. तो पेंढ्याखालून खात होता. "फादर डोलन?" यावर तो हसला असं वाटलं, पेंढा हलला. "फादर, तुम्ही असाल तर लोणी जास्त घ्या," आई म्हणाली.

डिम्प्ना, आधी मीही हसत होते. पण ती थांबेचना. बाजारपेठेतला खाटीक, कालव्यावरचा राखणदार, तिकडे डोंगराकडचे सगळे मॅकगोवर्न एकेक करून. जिवंत माणसं संपली तर मेलेल्यांची नावं घ्यायला लागली. "जेम्सी बाक्सटर?" अगं, जेम्सी जाऊन वीस वर्षं झाली. मग आजोबांचं नाव. जी बाई पावलांवरून माणूस सांगायची, ती समोर बसलेल्या माणसाला आजोबा म्हणून हाक मारतेय.

आणि मध्ये मध्ये घरातल्या गोष्टी त्या परक्या माणसाला सांगत होती. बाबा कसे गेले, शेवटी त्यांना किती दम लागायचा. म्हणाली, "आमच्या माणसाने त्या घोडीचं काही मनात ठेवलं नव्हतं हो, पाहुणे. पुढच्याच वर्षी दुसरी घोडी आणली. पोराला निरोप कुठे धाडायचा तेच त्यांना ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी फाटकापर्यंत जाऊन यायचे. फाटक बघायला जातो म्हणायचे." हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. परक्याला सांगितलं.

तो खाली मान घालून बसला होता. बऱ्याच वेळाने स्वतःच उठला. न ओळखलेला पाहुणा आपण होऊन उठून जातो, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. आईने ब्रॅकची मोठी फोड कागदात बांधून त्याच्या खिशात घातली, बाही चिमटीत धरून कापड बघितलं आणि म्हणाली, "कोट पातळ आहे." तो गेला. ती दारात उभी राहिली, थंडी आत येत होती तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चालत फादर डोलनकडे गेली आणि मॅलकीचं नाव काढून टाकायला सांगून आली. मी म्हटलं, चला, डिम्प्नाचं ऐकलंस. तर मला म्हणते, "डिम्प्नाचा काय संबंध?" बाबांची खुर्ची तिने माळ्यावर ठेवायला दिली. मॅलकीची चुलीपाशी तशीच ठेवली आहे. मी उचलायला गेले तर नको म्हणाली.

आता मला सांग, हे म्हातारपण आहे का? डॉक्टरांना बोलवू का? इतकी सुरेख स्मरणशक्ती होती तिची. मला रडू येतं.

तुझी,
अट्रॅक्टा


कॉव्हेंट्री
८ नोव्हेंबर

प्रिय अट्रॅक्टा,

डॉक्टरांना बोलवू नकोस. खाली बस आणि मग वाच.

मॅलकी माझ्या स्वयंपाकघरात बसला आहे. समोर टेबलावर कागदात बांधलेली ब्रॅकची फोड आहे. तो ती खातही नाही आणि पोरांना हातही लावू देत नाही.

तो इथेच असतो गं. आमच्यापासून चार गल्ल्यांवर, कितीतरी वर्षं. घरं बांधणाऱ्या टोळीत काम करतो. मी आईला सांगितलं तर इथूनही निघून जाईन म्हणाला होता, आणि तो गेला असता. बाबा गेले तेव्हा मी त्याच्याकडे धावत गेले होते. तो माझ्याबरोबर निघाला, बोटीच्या धक्क्यापर्यंत आला, आणि शिडीवर पाय ठेवेना. "उंबऱ्यात पाय ठेवू नको म्हणाले होते," एवढंच म्हणाला. मी पोराला कडेवर घेऊन एकटी बोटीत चढले. परत आल्यावर त्याला दुसरंच लागून राहिलं, की बापाला खांदा न देणारा पोरगा गावात कुठल्या तोंडाने जाणार.

तुझं वीस तारखेचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. आईचं ते वाक्य, माझा पोरगा जिवंत असता तर आला असता. आठवडाभराने मुकादमाकडून रजा घेतली आणि कुठे जातो ते सांगितलं नाही. पेंढा रेनल्ड्सच्या गंजीतून उपसला म्हणे, पॅकीला सांगू नकोस.

त्याने मनाशी ठरवलं होतं की आई ओळखेलच, ती सगळ्यांना ओळखते. तिने नाव घेतलं की मुखवटा काढायचा आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसायचं. तिने हाक मारली म्हणजे तिने घरात बोलावलं. आणि ती बसली समोर, आणि गावातल्या प्रत्येकाचं नाव घेतलं, फक्त त्याचं नाही. अट्रॅक्टा, तो लहान पोरासारखा सारखा तेच बोलतोय. "चार्ली आठवला, खाटीक आठवला, मेलेला जेम्सी आठवला. मी नाही आठवलो. तिच्या लेखी मी खरंच मेलोय." मी म्हटलं, अरे, अकरा वर्षं झाली, तू रुंद झालास, तोंडावर पेंढा होता. तो म्हणतो, तिला तोंड लागत नाही.

तो आता ऑस्ट्रेलियाला जायचं म्हणतोय. त्याच्या टोळीतले दोघे निघालेत. जाईलही. आईला विचार. काय विचारायचं ते तूच ठरव, पण लवकर लिही.

माझ्यावर जे काय ओरडायचंय ते नंतर ओरड.

डिम्प्ना


किलाडू
१२ नोव्हेंबर

डिम्प्ना,

चार गल्ल्या! मी इथे दर रविवारी त्याच्यासाठी मेणबत्ती लावतेय आणि तू चार गल्ल्यांवरून त्याला रविवारी जेवायला बोलावत असशील. तुझ्यावर जे ओरडायचंय ते मी चुलीपाशी मोठ्याने ओरडून घेतलं, मांजर पळून गेलं. आता पुढे.

पत्र हातात घेऊन मी आईसमोर उभी राहिले. ती कोंबड्यांसाठी बटाट्याची सालं उकडत होती. मी म्हटलं, "आई, हॅलोविनला शेवटी बसला होता तो कोण होता?"

ती म्हणाली, "डिम्प्नाचं पत्र आलं वाटतं."

मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं?"

"फाटकातून आला तेव्हाच," ती म्हणाली. "सगळ्यांच्या मागून आत आल्यावर त्याने फाटक लावलं, आणि मग परत मागे जाऊन लागलंय का ते हलवून बघितलं, मला ऐकू आलं. दुसरं कोण बघतं?"

मला खाली बसावं लागलं. बसले ती त्याच खुर्चीत. म्हटलं, "मग नाव का नाही घेतलंस? तो तिकडे रडतोय. म्हणतोय, आईने सगळ्यांची नावं घेतली, माझंच घेतलं नाही."

तिने पातेलं खाली उतरवलं आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू काही मी मंद आहे. आणि म्हणाली,

"अगं, ओळखलं की मुखवटा काढायचा, सफरचंद घ्यायचं आणि जायचं. नाव घेतलं असतं तर उठून गेला असता. ओळखेपर्यंतच बसतो ना पाहुणा? म्हणून मला येत होती तेवढी सगळी नावं घेतली. जिवंतांची संपली तेव्हा मेलेल्यांची घेतली. आणखी येत असती तर आणखी घेतली असती."

डिम्प्ना, आम्ही दोघी रडलो. मी आधी, ती नंतर.

मग मी विचारलं, तो बाबांच्या वेळी आला नाही, त्याचा राग नाही आला? म्हणाली, आलाय की. मेलेल्या पोरावर रागावता येत नव्हतं, आता येतंय. अकरा वर्षांचं बोलायचं साठलंय, ते ऑस्ट्रेलियाला पत्राने पाठवता यायचं नाही, त्याला म्हणावं समोर येऊन ऐक. आणि गावाचं काय, विचारलं, तर म्हणाली, गाव दोन रविवार बोलेल, तिसऱ्या रविवारी हेस्लिनांच्या मुलीचं लग्न आहे.

आणि त्याला असंही सांग, हे तिचे शब्द: "पुढच्या वेळी पेंढा घालून येऊ नकोस. माझ्याकडची नावं संपली आहेत."

अट्रॅक्टा


कॉव्हेंट्री
१६ नोव्हेंबर

प्रिय अट्रॅक्टा,

तुझं पत्र त्याने उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग ब्रॅकची फोड कागदातून काढून खाल्ली. दगड झाली होती.

येत्या बुधवारी रात्रीच्या बोटीने निघतोय. मी धक्क्यापर्यंत जाणार आहे आणि शिडी काढेपर्यंत तिथेच उभी राहणार आहे. अंगात हॅरल्डचा जाड कोट असेल, बाह्या आखूड पडतात. गुरुवारी दुपारी, चांगल्या उजेडी, तो दारात असेल.

तू दार उघडू नकोस. आईला उघडू दे.

डिम्प्ना